सोसायटीच्या तळ्यात एअरेटर चालवताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या तळ्यात मासे मेलेले दिसतात ते बहुधा सकाळीच. शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं. त्यामुळे पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. आणि नेमकं तेव्हाच, वीजबिल वाचावं म्हणून, एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, बंद असतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टायमर रात्री १० ते सकाळी ८ असा लावा. पावसाळ्यात आभाळ सलग भरलेलं असेल तर चोवीस तास चालू ठेवा. उन्हाळ्यातही हयगय नको: ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन मावतो. तो ५ च्या वर हवा. ३ च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात.

नुसत्या कारंज्यावर भिस्त ठेवू नका. सहा-सात फूट खोल तळ्यात ते वरचंच पाणी खेळवतं. तळाशी डिफ्यूजर (बारीक बुडबुडे सोडणारा छिद्रांचा भाग) हवाच, पण गाळात रुतलेला नको. विटांवर अर्धा फूट उचलून ठेवा, नाहीतर गाळच ढवळला जाईल.

जुन्या तळ्यात नवा डिफ्यूजर पहिल्याच दिवशी रात्रभर चालवणं घातक. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड असतो. तो एकदम वर आला की मासे दगावतात. पहिल्या दिवशी भर दुपारी अर्धा तास, मग रोज दुप्पट. आठवड्याभरात पूर्ण वेळ. मासे आधीच धापा टाकत असतील तर तळाला हात लावू नका, कारंजं किंवा पंपाने वरचंच पाणी उडवा.

डिफ्यूजरला नळीतून हवा पुरवणारा कॉम्प्रेसर पाण्याच्या पातळीपेक्षा खाली बसवला की वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं आत शिरतं. तो पातळीपेक्षा फूटभर उंच ठेवा, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही लावा. कॉम्प्रेसरच्या पेटीत हवा खेळती हवी, फिल्टर महिन्याला साफ करा. पाण्यातल्या पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. बारीक, सगळीकडून सारखे येत असतील तर ठीक. एकाच जागी मोठे ढेकळासारखे आले तर डिफ्यूजरचा रबरी पडदा फाटलाय, तो बदला. बुडबुडे मंदावले आणि कॉम्प्रेसर तापू लागला, तर छिद्रं बुजलीत किंवा नळी दुमडलीय. डिफ्यूजर वर काढून मऊ ब्रशने घासा, पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवा.

एवढं करूनही पाणी हिरवंगार आणि वास येत असेल, तर दुसरा एअरेटर घेण्याआधी निर्माल्य, माशांना टाकलेला जास्तीचा पाव आणि गाळ काढा.