पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी करून जाताना

मे-जूनमध्ये मुलांकडे परदेशी जाणारे आणि गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुमारास परतणारे आईवडील आता पुण्यामुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत असतात, आणि त्यांची गाडी नेमका सगळा पावसाळा खाली उभी असते. निघण्याच्या गडबडीत औषधे, कागदपत्रे, मेतकूट-भाजणी यांच्या याद्या नीट होतात. गाडीची यादी मात्र कव्हर घातले आणि किल्ली शेजारी दिली एवढ्यावर संपते. पुढची यादी पुढे डिस्क, मागे ड्रमब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्याच्या, म्हणजे ड्रमच्या, आत बसवलेला ब्रेक) आणि हाताचा गिअर असलेली साधी गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या तशाच आहेत. यातले दुसरे काही राहिले तर परतल्यावर पंक्चरवाला किंवा बॅटरीवाला येऊन तासाभरात निस्तरतो. हँडब्रेक खाली सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकांना ठोकळे लावणे हे एक काम राहिले तर तसे होत नाही. मागच्या खेपेला माझ्याकडून तेवढेच राहिले होते, म्हणून ते इथे पुन्हा पुन्हा येईल.

विमा आणि पीयूसी यांच्या मुदती मधल्या काळात संपत असतील तर आधी उरका. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवा. यावर अधिक लिहीत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असते.

टायरकडे निघण्याच्या पंधरा दिवस आधी बघावे, आदल्या दिवशी नव्हे, कारण काही दोष निघाला तर दुरुस्तीला वेळ हवा. हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी मोजावी. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. टायरच्या अंगावर असतो तो कमाल दाबाचा आकडा असून तेवढी हवा भरायची नसते. धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण एक ते दोन पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा कमी होते, त्यामुळे तीन महिन्यांनी टायर बसल्यासारखा दिसतो, आणि अर्धवट हवेच्या टायरवर गाडीचे वजन एकाच जागी पडून राहिले की तो भाग चपटा होतो. म्हणून उभी करताना स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय हवा जास्त भरावी, पण कमाल आकडा ओलांडू नये, आणि परतल्यावर ती पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणावी. व्हॉल्व्हवर टोपी आहे ना ते बघावे. टोपी नसेल तर व्हॉल्व्हमध्ये माती जाते. स्टेपनीतही हवा भरून घ्यावी.

नक्षीची खोली चारचाकीसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. टायरच्या खाचांमध्ये आडव्या उंच पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र म्हातारे झालेले असते, तेव्हा सहा वर्षांवरच्या टायरच्या बाजूंना बारीक चिरा आहेत का ते बोटाने चाचपून बघावे. नवे टायर घ्यायचेच असतील तर जाण्यापूर्वी घेऊ नका, परतल्यावर घ्या. नवे रबर तीन महिने एका जागी दाबून ठेवण्यात काही शहाणपण नाही.

ब्रेकच्या तेलाची पातळी डबीवरच्या किमान आणि कमाल या दोन रेषांमध्ये हवी. ती उतरली असेल तर नुसती भरून मोकळे होऊ नका. एकतर ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे, आणि दोन्ही गोष्टी मेकॅनिकने बघायच्या आहेत. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे दोन वर्षे उलटली असतील तर बदलून घ्यावे. ते रंगावर सांडले तर रंग उतरतो, म्हणून सांडल्याबरोबर पाण्याने धुवावे. मागचे ड्रम उघडून साफ करून घेता आले तर फारच चांगले, कारण आत साठलेली ब्रेकची धूळ ओलावा धरून ठेवते आणि पुढचा सगळा घोटाळा ओलाव्याचाच आहे.

आता जागा. तळघरातले पार्किंग उन्हाळ्यात कितीही चांगले वाटले तरी पावसाळ्यात भरवशाचे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता हे मुंबईकरांना सांगायला नको. पुण्यात जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले आणि उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. जिथे पूर्वी गुडघाभर पाणी आले आहे तिथे गाडी ठेवू नका; सोसायटीतल्या जुन्या माणसांना विचारा, ते जागा बोटाने दाखवतात. मोठ्या झाडाखाली नको, नारळाखाली तर मुळीच नको. उघड्या मातीवर किंवा गवतावरही नको, कारण खालून येणारी वाफ थेट ड्रम आणि वायरी यांच्यावर जाते. फरशी किंवा काँक्रीट हवे. यंत्राने वर-खाली होणाऱ्या पार्किंगमध्ये सहसा हँडब्रेक ओढून ठेवण्याची अट असते, म्हणून इतक्या दिवसांसाठी ती जागा सोडून साधी जमिनीवरची जागा कोणाकडून तरी बदलून घ्यावी. कव्हर कापडी, हवा खेळणारे असावे. प्लास्टिकच्या कव्हराखाली गाडीला घाम फुटतो.

आणि जागा सपाट हवी. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा बऱ्याचदा पाण्याच्या निचऱ्यासाठी थोडी उतरती केलेली असते. इंजिन बंद करून, पाय ब्रेकवर ठेवून, गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक सोडावा आणि पाय हळूहळू उचलावा. गाडी तसूभरही हलली तर ती जागा या कामाची नाही, दुसरी शोधा. हँडब्रेक खाली ठेवायचा आहे, हे जागा निवडतानाच मनात असले पाहिजे.

शेवटच्या दिवशी लोक गाडी स्वच्छ धुतात, लगेच जागेवर लावतात, हँडब्रेक ओढतात आणि कव्हर घालतात. यातली एक गोष्ट वाईट आहे आणि चारही मिळून फारच वाईट. गाडी धुवावी, चाकांच्या आतला चिखलही काढावा, पण त्यानंतर ती चार-पाच किलोमीटर चालवावी, आणि वाटेत मागे कोणी नसताना ब्रेक हलके हलके बरेचदा दाबावे, म्हणजे डिस्क आणि ड्रम गरम होऊन पाणी उडून जाते. पाऊस चालू असेल तर धुण्याचे काम सोडून द्या आणि कोरड्या सकाळची वाट बघा. कोरडा ब्रेक, खाली सोडलेला हँडब्रेक, चाकांना ठोकळे: यातले पहिले जमले नाही तरी पुढची दोन सुटता कामा नयेत.

हँडब्रेक ओढला की तारेने मागच्या दोन्ही चाकांतले ब्रेक शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या कमानदार पट्ट्या, फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर, म्हणजे घासून ब्रेक लावणारा थर, बिडाच्या ड्रमला आतून घट्ट दाबून बसतात. ड्रम हवाबंद नसतो. पावसाळ्याची दमट हवा आत जाते, बीड गंजते, आणि तो गंज दाबून बसलेल्या लायनरमध्ये शिरून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटवून टाकतो. यासाठी वर्षे लागत नाहीत, कोकणाच्या हवेत काही आठवडे पुरतात. शिवाय तारेवरच्या आवरणात पाणी शिरले तर तार आतच अडकते. परतल्यावर तुम्ही लिव्हर खाली करता, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो, आणि तुम्हाला वाटते ब्रेक सुटला. तो दिवा फक्त लिव्हर खाली आहे एवढेच सांगतो. चाकात काय चालले आहे हे त्याला कळत नाही. माझ्या गाडीचे मागचे डावे चाक तसेच धरून राहिले होते. गाडी पुढे गेली आणि ते चाक न फिरता फरशीवर काळा पट्टा ओढत आले. मेकॅनिकने हातोड्याने चहूबाजूंनी ठोकून ड्रम काढला तेव्हा आतून विटकरी भुकटी पडली, लायनरचा पूर्ण तुकडा ड्रमलाच चिकटलेला होता आणि शूचा नुसता पत्रा उरला होता.

म्हणून हँडब्रेक खाली. पण तो खाली ठेवायचा तर गाडी दुसऱ्या कशाने तरी धरलेली हवी, आणि इथे क्रम चुकवू नका. आधी हँडब्रेक ओढलेला असतानाच खाली उतरून ठोकळे लावावेत. मग आत बसून ब्रेकवर पाय ठेवावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये घालावी, हँडब्रेक पूर्ण खाली करावा आणि पाय सावकाश उचलावा. त्या वेळी कोणीही चाकाशी वाकलेले नको, मुले तर आसपासही नकोत. गिअर पुढची चाके धरतो, कारण लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. हँडब्रेक मागची चाके धरत होता, तो आपण सोडला. म्हणून ठोकळे मागच्या दोन्ही चाकांना, प्रत्येक चाकाच्या पुढे आणि मागे, असे चार लावायचे. पाचरीसारखे उतरते कापलेले लाकडी किंवा रबरी ठोकळे घ्यावेत. सुताराकडे मापाने कापून मिळतात. वीट भिजून फुटते आणि गोल दगड घरंगळतो. उतरल्यावर गाडीला मागून-पुढून जोर लावून बघावे, आणि काचेतून लिव्हर खाली आहे ना ते आणखी एकदा बघावे. हात सवयीने लिव्हर वर ओढतो; कव्हर घालण्यापूर्वीची ही शेवटची तपासणी त्यासाठीच आहे.

ऑटोमॅटिक गाडीत ‘पी’ ठेवावे, पण तिथे गिअरबॉक्समधला एक लहानसा खटका सगळी गाडी धरत असतो, म्हणून ठोकळे तिथेही हवेतच. बटणाचा हँडब्रेक असेल तर काही गाड्यांत इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो. तो सुटा कसा ठेवायचा ते पुस्तिकेत शोधून, निघण्याआधी एकदा करून बघा.

हे सगळे फक्त लांबच्या मुक्कामासाठी, सपाट आणि खासगी जागेसाठी आहे. रोजच्या पार्किंगला, आणि चढउतारावर तर नेहमीच, हँडब्रेक ओढायचा म्हणजे ओढायचा. मोटार वाहन कायद्याचे कलम १२६ सार्वजनिक जागी सोडलेल्या गाडीचे इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला, किंवा ती आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असावी असे सांगते. घाटात थांबलात तर त्याशिवाय गिअरही घाला, चढाला तोंड असेल तर पहिला आणि उताराला असेल तर रिव्हर्स, आणि चाके अशी वळवा की गाडी सुटलीच तर दरीकडे न जाता डोंगराला जाऊन टेकेल.

किल्ली ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना लेखी चिठ्ठी द्या, तोंडी सांगणे तीन महिने टिकत नाही. तीच चिठ्ठी ठळक अक्षरांत स्टिअरिंगलाही बांधा: गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक सोडलेला आहे, चार ठोकळे लावले आहेत. ही ताकीद गंभीर आहे, कारण क्लच न दाबता चालू होणाऱ्या जुन्या गाडीत कोणी नुसती किल्ली फिरवली तर ती गिअरमध्येच झटका घेऊन पुढे उडी मारते, आणि समोर भिंत असेल किंवा माणूसही असेल. पंधरा दिवसांतून एकदा कोणी गाडी चालवणार असेल तर अर्धा तास बाहेर नेऊन आणावी; जागेवर इंजिन दहा मिनिटे चालवून टायरचा आणि ब्रेकचा काहीही फायदा होत नाही. चालवून आणल्यावर पुन्हा कोरडी करून उभी करायची, गिअर घालायचा, ठोकळे लावायचे आणि हँडब्रेक खाली ठेवायचा. चालवणारा भला माणूस नेमका इथेच काळजीपोटी हँडब्रेक ओढून जातो. त्याला फोन करून विचारा. दोनदा विचारा.

परतल्यावर घाई नको. गाडीखाली तेलाचा डाग आहे का, वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, ते बघा. बॅटरी जोडा, हवा भरा. ब्रेक दाबून बघा. पाय स्पंजसारखा आत गेला तर गाडी हलवू नका. मग हँडब्रेक ओढा, ठोकळे काढा आणि ते मोजून चारही डिकीत टाका. गिअर काढा, हँडब्रेक सोडा, सोसायटीच्या आवारातच अगदी हळू पुढे घेऊन ब्रेक तपासा. डिस्कवरच्या तांबूस थरामुळे पहिल्या काही ब्रेकांना खरखर येते आणि जाते. टायरची थडथडही काही किलोमीटरांत जाते, न गेली तर दाखवा. मागचे चाक धरून बसले असेल तर रेस वाढवून गाडी ओढू नका, लायनर तुटते आणि क्लच जळतो. मेकॅनिकला बोलवा आणि ड्रम उघडायला सांगा.