घोटा मुरगळल्यावर कबड्डीत पुन्हा चढाईला कधी जायचं?

मुरगळलेल्या घोट्याचं दुखणं बहुतेक वेळा दहा-पंधरा दिवसांत ओसरतं, आणि खेळाडू फसतो तो नेमका तिथेच. सूज उतरली, चालता येतंय, रविवारी कळव्यात सामने आहेत, मग क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि उतरायचं. पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटतो तेव्हा त्याच्यासोबत पाऊल किती कलतंय याची खबर मेंदूला देणारी यंत्रणाही बिघडते. ती आपोआप पूर्ववत होईलच असं नाही. खबर उशिरा पोचते, स्नायू उशिरा आवळले जातात आणि तोच घोटा पुन्हा जातो.

पहिल्या दिवशी हाड तपासायचं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले नियम त्यासाठी आजही वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे उंचवटे आहेत, त्यांच्या टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत हाडाची मागची कड बोटाने दाबत जा. मग करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर हाडाचा टेंगूळ लागतो तो दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही. यातल्या कोणत्याही एका जागी हाडावर कळ आली किंवा लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र हे नियम लावत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

कबड्डीत आणखी एक प्रकार घडतो. घोटा पकडलेला, पाऊल मॅटला खिळलेलं आणि चढाईपटू अंग पिळून मध्यरेषेकडे झेपावतो. अशा वेळी कळ घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये येते. पोटरीच्या मध्यावर ती दोन्ही हाडं तळहातांनी एकमेकांकडे दाबा. खाली घोट्याजवळ दुखलं तर ही साधी मुरगळ नाही. याला जास्त आठवडे लागतात आणि पुढचं वेळापत्रक त्याला लागू पडत नाही, म्हणून आधी क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा.

पहिले दोन-तीन दिवस फार काही करायचं नसतं. 10 सेंटीमीटर रुंदीचं क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बांधा. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. झोपताना पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. बर्फ कापडात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं, तोही वेदनेपुरता. गरम पाण्याचा शेक नको, जोरात चोळणं नको, आणि 'ओढून बसवतो' म्हणणाऱ्याच्या हातात तर पाय अजिबात देऊ नका. तिथे बसवायला काही सुटलेलं नसतं, उलट फाटलेला धागा आणखी फाटतो. सोसवेल तेवढा भार मात्र लवकर टाकायला लागा. पूर्ण प्लॅस्टर घालून पडून राहिल्याने साधी मुरगळ लवकर बरी होत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मोजमाप सुरू होतं. ठाणे स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र घोटा अडतो, कारण पाऊल टेकलेलं असताना नडगी पुढे झुकत नाही. हेच भिंतीपाशी मोजायचं. अनवाणी उभं राहा, अंगठा भिंतीपासून थोडा लांब ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. टाच उचलणार नाही इतपत अंगठा मागे सरकवत न्या आणि शेवटचं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पायांचं मोजून वहीत लिहा. इथला 1 सेंटीमीटर म्हणजे घोट्याची साधारण साडेतीन अंश हालचाल. फरक दीड सेंटीमीटरच्या आत येईपर्यंत पळणं सुरू करू नका. तो भरून काढायला गुडघा वाकवून पोटरीचा ताण, 30 सेकंद, तीनदा, सकाळ-संध्याकाळ. यात फसवणूक होते ती अशी की पावलाची कमान आत कोसळते आणि गुडघा भिंतीला लागल्यासारखा वाटतो. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच जायला हवा.

ताकदीसाठी रबरी पट्टा पावलाभोवती घालून पाऊल बाहेर ढकला, दोन सेकंद धरा, तीन सेकंदांत सावकाश परत आणा. 15 चे तीन संच. इथे बहुतेकांचा अख्खा पायच फिरतो. दोन गुडघ्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी धरली की काम घोट्यालाच करावं लागतं. जोडीला पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलणं, सलग 25 जमेपर्यंत.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग, तोल. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या 522 खेळाडूंवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांनी घरच्या घरी आठ आठवडे तोलाचा सराव केला, त्यांच्यातल्या 22 टक्क्यांना वर्षभरात पुन्हा मुरगळ झाली. ज्यांनी केला नाही, त्यांच्यात 33 टक्क्यांना. यंत्र नाही, जिम नाही. आठवड्यातून तीनदा: एका पायावर 30 सेकंद, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या सतरंजीवर, मग तिथेच उभं राहून भिंतीवर टेनिस बॉल टाकून झेलणं. दर दोन आठवड्यांनी जमिनीवर सरळ पट्टी चिकटवून दुखऱ्या पायावर उभं राहा आणि दुसऱ्या पायाचा अंगठा समोर किती लांब पोचतो ते पाहा. दोन पायांत 4 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर अजून वेळ आहे.

पळणं आधी सपाटीवर, उपवनच्या रस्त्यावर चालेल. येऊरचा उतार आणि पावसाळ्यातलं शेवाळलेलं मैदान नंतर. दोन्ही पायांवर उड्या, मग एका पायावर, मग 30 सेंटीमीटर अंतराच्या दोन रेषांवरून आडव्या, दहा फेऱ्या. वेळ लावा आणि चांगल्या पायाच्या वेळेशी ताडून पाहा.

यानंतर मॅट. समोर कोणी नसताना मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) 3.75 मीटर आणि पुढे बोनस रेषेपर्यंत आणखी 1 मीटर, असं चढाईचं पदलालित्य करा. 30-30 सेकंदांच्या सहा चढाया, निम्म्या वेगाने. मग पूर्ण वेगाने, मग मागे लाथ, मग एक बचावपटू आणि फक्त कमरेची पकड. घोट्याची पकड अगदी शेवटी, तीही आधी सांगून. प्रत्येक टप्प्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर भिंतीची चाचणी करा. आदल्या दिवसापेक्षा 1 सेंटीमीटरने कमी भरली किंवा घोट्याभोवतीचा खळगा सुजेने भरलेला दिसला, तर एक टप्पा मागे.

खेळताना चिकटपट्टी की ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा? आपल्याकडच्या दमट हवेत चिकटपट्टी घामाने अर्ध्या तासात ढिली पडते आणि दुसऱ्या डावाला ती नुसती शोभेची उरते. लेस बांधायचा ब्रेस मध्यंतरात पुन्हा आवळता येतो, म्हणून तोच बरा.