घरचं बीट बिघडतं कुठे? काढणीपासून कोशिंबिरीपर्यंतच्या या चुका टाळा

सांगलीकडच्या काळ्या रानात ऑक्टोबर-नोव्हेंबरला बिटाच्या चार ओळी टोकल्या की दोन-सव्वादोन महिन्यांत, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, बीट काढायला येतं. परसात येतं, गच्चीवरच्या खोल कुंडीत येतं, उसाच्या बांधालाही येतं. पिकवताना फारसं कुणी चुकत नाही. घोळ होतो तो पुढे, आणि मग "आमच्याकडे बीट कुणाला आवडत नाही" असा शिक्का बसतो. बिटाच्या बहुतेक तक्रारी एक तर कुकर लावण्याआधीच्या असतात, नाहीतर कुकर उतरल्यानंतरच्या घाईतल्या.

"अजून जरा फुगू दे"

उसाच्या गावात राहून ही सवय लागतेच. रानात जितकं जास्त राहील तितकं वजन भरेल, हा हिशेब बिटाला लावू नका. मध्यम पेरूएवढं झालं, डोकं मातीच्या वर दिसायला लागलं, की काढा. लिंबाएवढी कोवळी बिटं तर सालासकट खाता येतात. मुठीपेक्षा मोठं झालेलं बीट मधून चोथट होतं, आणि फेब्रुवारीचं ऊन लागलं की जास्तच. असं जून बीट फोडी करून खाण्यात मजा नाही. किसून थालीपिठात घाला किंवा सांबारात लपवा.

कापल्यावर आत पांढरी वर्तुळं दिसली तर घाबरायचं कारण नाही. गरमीत किंवा पाण्याची ओढाताण झाली की ती येतात. चव जरा फिकी लागते, पण खायला काही हरकत नाही. आत कडक काळे डाग असतील तर बहुधा जमिनीत बोरॉन हे अन्नद्रव्य कमी पडलंय. तेवढा भाग कोरून टाका.

पाल्यासकट फ्रिजमध्ये

उपटलेलं बीट पाल्यासकट ठेवलं की दोन दिवसांत मऊ पडतं, कारण पानं कंदातलं पाणी ओढत राहतात. पाला काढल्याबरोबर वेगळा करा. मात्र देठ कंदाला भिडून कापू नका, दोन बोटं ठेवा. खालची शेपटीही तशीच राहू द्या. माती फक्त झटका. धुवायचं ते शिजवायच्या वेळी. पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवलेलं बीट दोन-तीन आठवडे सहज टिकतं.

सोलून, फोडी करून कुकरला लावणं

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच. साल गेली, फोडी झाल्या, वर पाणी ओतलं, की निम्मा रंग आणि गोडवा त्या पाण्यात उतरतो आणि पाणी मोरीत जातं. बीट अख्खं ठेवा, शेपटी आणि देठाची दोन बोटं तशीच. माती हातानं चोळून धुवा. तारेच्या घासणीनं साल खरवडली की तिथूनच रंग गळणार. कुकरच्या तळाशी पाणी, डब्यात बिटं, आणि डब्यात पाण्याचा थेंबही नको.

शिट्ट्यांचं म्हणाल तर मंडईतून आणलेल्या शिळ्या बिटाचं गणित घरच्याला लागू पडत नाही. लिंबाएवढ्याला तीन शिट्ट्या पुरतात, पेरूएवढ्याला चार-पाच. लहानमोठी एकत्र लावली की लहान गळतात आणि मोठी करकरीत राहतात. मोठ्यांना एक शिट्टी आधी द्या. सुरी थोडा जोर लावून आत गेली की झालं. कोमट असताना अंगठ्यानं दाबा, साल आपोआप सरकते. पूर्ण गार होऊ दिलंत तर ती चिकटून बसेल आणि सोलाणं शोधावं लागेल.

मातकट वास म्हणजे नीट धुतलं नाही?

नाही. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर जमिनीतून येतो तोच. सालीत तो जास्त असतो आणि कितीही धुतलं तरी जात नाही. साखर घालून तो झाकला जात नाही, उलट बीट मिठाईसारखं लागायला लागतं. त्याला आंबट हवं: लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल, दही, काहीही चालेल. आंबटानं वास मरतो आणि रंगही खुलतो.

कोशिंबिरीचं गुलाबी पाणी

तक्रार ठरलेली: करताना घट्ट होती, ताटात वाढेपर्यंत पाणी सुटलं. कारणं तीन. गरम बीट दह्यात गेलं, मीठ आधी पडलं, किंवा दहीच पातळ होतं. बीट किसण्यापेक्षा उकडून बारीक चौकोनी चिरा आणि पूर्ण गार होऊ द्या. दही फडक्यात अर्धा तास टांगा. चिरलेल्या बिटाला आधी दाण्याचं कूट चोळा. भाजलेल्या शेंगदाण्याचं, जरा भरड. सुटणारं पाणी कूट पिऊन घेतं. मग दही, वरून तेलात मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी, आणि मीठ अगदी पानं वाढताना.

फोडणीत हळद मात्र घालू नका. सांगलीत बसून हे लिहिणं जिवावर येतं, पण हळदीनं गुलाबी कोशिंबीर विटकरी दिसते. हळदीचा हात मोकळा सोडायचा तो सुक्या भाजीत: उकडलेल्या फोडी, कांदा, कांदा-लसूण मसाला, ओलं किंवा सुकं खोबरं. तिथे रंगाचं कुणाला पडलेलं नसतं, भाकरीबरोबर चुरून खायचं असतं. साखर चिमूटभरही नको. मसाल्याच्या तिखटाला बिटाचा स्वतःचा गोडवा पुरतो.

कच्च्या बिटाचा कीस करणार असाल तर लिंबू आधी पिळा, मीठ शेवटी. आणि कीस पिळून रस फेकायची पद्धत सोडा. त्या रसात पुरीची कणीक भिजते.

गुलाबी ढोकळा पिवळट का झाला?

डब्यासाठी हौसेनं केलेल्या बिटाच्या ढोकळ्याचं, आप्प्यांचं, केकचं हे हमखास होतं. पीठ सुंदर गुलाबी, आणि वाफवून काढलं की मळकट पिवळं. दोष बिटाचा नाही, सोड्याचा. बिटाचा रंग आंबटात टिकतो आणि खाऱ्यात मोडतो. उष्णतेनं उरलासुरला जातो. म्हणून खायचा सोडा किंवा फ्रूट सॉल्ट निम्म्यावर आणा, पिठात आंबट दही किंवा लिंबाचा रस घाला. इडली-आप्प्याचं पीठ रात्रभर आंबवलेलं असेल तर सोडा लागतच नाही. पराठ्याची कणीक भिजवतानाही उकडलेल्या बिटाच्या वाटणात अर्धं लिंबू पिळा, आणि आधी पाणी घालू नका. वाटणाचं पाणी आणि मीठ मिळून कणीक दहा मिनिटांत सैल होते. बीट लवकर शिजावं म्हणून कुकरमध्ये सोडा टाकणाऱ्यांनाही हेच उत्तर.

हलव्याची एकच सूचना: गाजराच्या मापानं साखर घालू नका. १०० ग्रॅम बिटात जवळपास ७ ग्रॅम साखर असते, गाजरात पाचेक. कीस तुपावर परता, दुधात आटवा, साखर शेवटी. आधी घातली की कीस आकसतो आणि दाताखाली येतो. तासगावचे बेदाणे घालणार असाल तर साखर आणखी कमी करा.

पाला गुरांना टाकणं

घरी बीट लावण्याचं खरं सुख हा पाला आहे, आणि तो विकतच्या बिटाबरोबर ताजा मिळत नाही. बीट हे पालक-चाकवताचं भावंड, चवही तशीच. बिटाचं एक बी म्हणजे खरं तर दोन-चार बियांचा झुबका, त्यामुळे रोपं दाटच उगवतात. ती विरळ करावी लागतात आणि विरळणीतून पहिली कोवळी भाजी निघते. पुढे एका झाडाचं एखाद-दुसरं बाहेरचं पानच तोडा. सगळा पाला ओरबाडलात तर खाली कंद कशावर भरणार?

भाजी करताना देठ आणि पानं एकत्र चिरू नका. लसूण तेलात लाल झाला की हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ आणि देठाचे तुकडे घालून झाकण ठेवा. डाळ बोटानं दबायला लागली की पानं, आणि मग झाकण नाही. पाच मिनिटांत उतरवा. वरून कूट. पीठ पेरून केली तर ज्वारीच्या भाकरीला आणखी चांगली.

"लाल आहे म्हणजे रक्त वाढवतं"

रंगावरून केलेला हा अंदाज आहे. १०० ग्रॅम कच्च्या बिटात लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) मात्र शंभरेक मायक्रोग्रॅम, तो त्याचा खरा गुण. लोह पाल्यात जास्त, सुमारे अडीच मिलिग्रॅम. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडून बिटाच्या रसावर भिस्त ठेवू नका.

बीट खाल्ल्यावर काहींना दुसऱ्या दिवशी लघवी लालसर होते. तो बिटाचाच रंग, एक-दोन दिवसांत जातो. बीट न खाताही तसं दिसलं तर मात्र दवाखाना गाठा. आणि मुतखड्याचा त्रास असेल तर बीट आणि पाला दोन्ही डॉक्टरांना विचारूनच खा. दोन्हींत खड्याला हातभार लावणारं ऑक्सलेट भरपूर असतं, पाल्यात तर जास्तच.