कार्बवाल्या जुन्या रेसिंग इंजिनात इनटेकची लांबी जुळवताना या चुका टाळा

ट्रम्पेट, म्हणजे कार्बच्या तोंडावरची हवा ओढणारी उघडी नळी, लांब केला की ताकद वाढते, असं एक मिस्त्री सांगतो. आखूड केला की गाडी पळते, असं दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो. दोघांचंही अर्धंच खरं. इनटेकची, म्हणजे हवा इंजिनात नेणाऱ्या वाटेची, लांबी ठरवते ती ताकद कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) मिळणार एवढंच. म्हणून पाइप कापण्याआधी आपली गाडी ट्रॅकवर जास्तीत जास्त वेळ कोणत्या आरपीएमला राहते, ते लिहून काढा.

इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन खाली जायला लागला की पाइपात ओढ तयार होते. ही ओढीची लाट ट्रम्पेटच्या तोंडाकडे धावते आणि उघड्या तोंडाशी उलटून दाबाची लाट होऊन परत येते. विहीर जितकी खोल तितका हाकेचा प्रतिध्वनी उशिरा येतो, तसंच हे. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या जरा आधी ती पोचली, तर जादा हवा सिलिंडरमध्ये कोंबते. उशीर झाला तर बंद व्हॉल्व्हवर आपटून माघारी जाते.

६००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळात लाट जवळपास एक सेंटिमीटर जाते. ट्रम्पेट २५ मिमीने वाढवला तर जाऊन-येऊन ५० मिमी वाढले, म्हणजे पाच अंशांचा उशीर. हा हिशोब पाठ असेल तर प्रत्येक बदलाचा अंदाज उभ्या उभ्या करता येतो. १९६०च्या क्रायस्लर ३००एफमध्ये साधारण ३० इंची नळ्या होत्या, मधल्या आरपीएमच्या जोरासाठी. त्याच गाडीच्या जास्त ताकदीच्या इंजिनात नळ्यांमधली आतली भिंत कापून कामाची लांबी १५ इंचांवर आणली होती. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणंही कठीण.

मोजायचं कुठून?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक नुसता ट्रम्पेट मोजतात. लाट मात्र व्हॉल्व्हच्या सीटपासून निघते. हेडमधला पोर्ट (व्हॉल्व्हकडे जाणारी हवेची वाट), मॅनिफोल्ड (हेड आणि कार्ब जोडणारी नळी), पॅकिंग, कार्बची बॉडी आणि मग ट्रम्पेट, हे सगळं मिळून लांबी धरायची. पोर्ट वळणाचा असतो, म्हणून एक मऊ तार मधोमध घालून, खूण करून, बाहेर काढून पट्टीवर मोजा.

दुसऱ्याच्या इंजिनाचा आकडा उचलणं हीसुद्धा तशीच चूक. व्हॉल्व्ह कधी बंद होतो ते कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ठरवतो. कॅम बदलला की जुनी लांबी रद्द. आधी कॅम, मग एक्झॉस्ट, लांबी शेवटी.

अँबेसेडरवाल्यांनी तर वरच्या हिशोबावर विसंबूच नये. १४८९ सीसीच्या त्या हेडमध्ये चार सिलिंडरना इनटेकचे पोर्ट दोनच. एक आणि दोन एका पोर्टवर, तीन आणि चार दुसऱ्यावर. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे एका पोर्टवरचे दोन सिलिंडर लागोपाठ ओढतात आणि मग बराच वेळ शांत. पहिल्याची लाट दुसऱ्याच्या ओढीत मिसळते. इथे लांबीचा खेळ थोडाच चालतो. पोर्ट साफ करणं आणि मिश्रण दोघांना सारखं मिळतंय का ते बघणं, यात जास्त फायदा आहे.

जेटवर राग काढू नका

या चुकीत पिस्टन जातात, म्हणून जरा थांबून वाचा. रेसिंग कॅममध्ये व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. कमी आरपीएमला पिस्टन वर येताना आत गेलेलं मिश्रण पुन्हा बाहेर ढकलतो. ती हवा कार्बमधून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली, आणि प्रत्येक फेरीत जेटमधून, म्हणजे कार्बमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल उचलत राहिली. टॉर्च बाजूने धरला तर ट्रम्पेटच्या तोंडावर पेट्रोलचं धुकं तरंगताना स्पष्ट दिसतं. तोंड वर नेऊन वाकून बघू नका, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

त्या पट्ट्यात गाडी अडखळते, प्लग काळे निघतात. लगेच मेन जेट लहान केला जातो. अडखळणं कमी होतं आणि सगळे खूश. पण वरच्या आरपीएमला हवा सरळ आत जाते, तिथे आता पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. एकाच ठराविक आरपीएमच्या पट्ट्यात प्लग काळे आणि वरच्या आरपीएमला पांढरे, असं दिसलं तर दोष लांबीचा किंवा कॅमचा समजा. ट्रम्पेट थोडा लांब केला की धुकं पाइपातच राहतं आणि पुढच्या ओढीत आत जातं. लांबी बदलल्यावर जेट पुन्हा तपासायचे, हा क्रम.

आपल्याकडचं ऊन

डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत जुळवलेली गाडी मे महिन्यात ४२ अंशांत बिघडल्यासारखी वाटते. तापलेल्या हवेत लाट सुमारे पाच टक्के जोरात धावते, म्हणून ६०००ला जुळलेली लांबी ६३००च्या आसपास जुळू लागते. हवा दहा टक्के विरळ होते आणि मिश्रण दाट होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. वेबर कंपनीच्या कार्बमध्ये १४०चा मेन जेट असेल तर १३५ लावून बघा. त्यात आपलं संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच, म्हणून मुंबईच्या गाडीचे जेट इथे जसेच्या तसे चालत नाहीत. गाडी थांबवून पुन्हा सुरू करताना त्रास देत असेल तर लांबी सोडा, कार्ब तापून पेट्रोल उकळतंय का ते बघा. कार्ब आणि एक्झॉस्टच्या मध्ये पत्र्याची आड हवीच.

धुळीबद्दल थोडक्यात. काळ्या मातीची बारीक धूळ सिलिंडर घासून टाकते, उघडे ट्रम्पेट घेऊन फिरू नका. पण फिल्टर तोंडाला चिकटवूनही बसवू नका. तोंडाच्या व्यासाइतकी मोकळी जागा समोर ठेवा. बोनेटच्या पत्र्यालाही हाच नियम.

लांबी बदलायला ॲल्युमिनियमचे स्पेसर (मध्ये घालायच्या कड्या) चिकलठाणा किंवा वाळूज एमआयडीसीतला कुठलाही चांगला टर्नर लेथवर काढून देईल. बसवण्याआधी जोडावरून आतून बोट फिरवा. नखाला पायरी लागली तर घासून काढा. मग स्लोवर इंजिन ठेवून जोडाभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, इंजिन गार असतानाच. आरपीएम हलले तर तिथून हवा घेतंय.

चाचणी समृद्धी महामार्गावर नको. बंद खासगी रस्ता शोधा, तिसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ६००० जायला किती वेळ लागतो ते दोन्ही दिशांनी मोजा आणि वहीत हवेचं तापमानही लिहा. एका खेपेला २० ते २५ मिमीच बदला, बाकी कशालाही हात लावू नका.