वेल्समधल्या छोट्या टेकडीचं खरं नाव कसं शोधावं

नकाशावर माथ्याशेजारी छापलेलं नाव टेकडीचंच असेल, असं धरून चालू नका. माथ्यावर नाव नसलं की टेकड्यांच्या याद्या करणारे जवळच्या शेतघराचं नाव उचलतात, त्याला ‘हिल’ जोडतात आणि मोकळे होतात. पुढचे सगळे तेच उतरवून घेतात.

आधी टेकडी पक्की करा. ३०० ते ४०० मीटरच्या टेकड्यांच्या याद्यांत साधारणपणे निदान ३० मीटर उठावाची अट असते, म्हणजे शेजारच्या खिंडीपासून माथा तेवढा वर हवा. माथ्याचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला जागेचा पत्ता, आठ आकडी घ्या. त्याने दहा मीटरच्या चौकोनापर्यंत पोचता येतं. एकाच कण्यावर दोन उंचवटे असतील तर दोघांची वेगळी नोंद करा. नाव बहुधा एकाचं असतं आणि यादीत दुसऱ्याला चिकटलेलं असतं.

मग १:२५,००० चा आजचा नकाशा आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचे जुने सहा इंची नकाशे (१:१०,५६०) शेजारी ठेवा. जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आजच्या नकाशावर चढवून पाहता येतात, त्यात वेल्सही आहे. नावाची अक्षरं कुठे सुरू होतात, कुठे संपतात ते बघा. उतारभर ऐसपैस पसरलेलं नाव बहुतेक वेळा रानाचं किंवा चराऊ जमिनीचं असतं. जोडरेघांकडेही लक्ष द्या. वेल्श लेखनाच्या रीतीप्रमाणे वस्तीचं नाव जोडून किंवा जोडरेघ देऊन लिहितात, तर डोंगर-टेकड्यांच्या नावातले शब्द सुटे ठेवतात: पेन अ वान. टेकडीच्या नावात जोडरेघा दिसल्या की जवळपास त्याच नावाचं घर आहे का, ते आधी तपासा.

खरा ऐवज मात्र टाइद (दशमांश) नकाशांत आहे. चर्चला धान्या-जनावरांच्या रूपात द्यायच्या दशमांशाऐवजी रोख आकारणी करण्याचा कायदा १८३६ साली झाला आणि त्यासाठी पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार, मोजणी झाली. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे संकेतस्थळावर खुले केले आहेत. सोबतचा तक्ता साधारण आपल्या सातबाऱ्यासारखा असतो: मालक, कसणारा, शेताचा क्रमांक, शेताचं नाव, वापर आणि एकर-रूड-पर्चमधलं क्षेत्र (४० पर्चचा रूड, ४ रूडचा एकर). माथा ज्या शेतात येतो त्याचा क्रमांक काढा आणि भोवतालच्या आठ-दहा शेतांची नावंही उतरवून घ्या. समजा, एका शेताचं नाव ‘काय पेन अ वॉइल’ निघालं. ‘काय’ म्हणजे शेत, ‘पेन’ म्हणजे माथा, ‘अ’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखं उपपद, ‘वॉइल’ म्हणजे बोडकी टेकडी. म्हणजे टेकडी ‘अ वॉइल’ असण्याची शक्यता बळावली. शेजारच्या दोन-तीन शेतांतही ‘वॉइल’ आलं तर पुरावा भक्कम.

इथे दोन ठेचा हमखास लागतात. टेकडीचा माथा पुष्कळदा पॅरिशच्या हद्दीवर असतो, म्हणून दोन्ही पॅरिशचे नकाशे काढावे लागतात. शेतांचे क्रमांक मात्र प्रत्येक पॅरिशमध्ये एकपासून सुरू होतात. दुसरी अडचण उंच, बिनकुंपणाच्या माळाची: तिथे अख्ख्या डोंगराला एकच क्रमांक आणि ‘मेंढ्यांचं कुरण’ एवढीच नोंद असते. या बाबतीत छोट्या टेकड्या नशीबवान. त्यांच्या माथ्यापर्यंत शेतं गेलेली असतात.

ऑर्डनन्स सर्व्हेच्या नाववह्या, म्हणजे मोजणीच्या वेळी जागांची नावं नोंदलेल्या वह्या, हाताशी असत्या तर काम सोपं झालं असतं, पण वेल्सच्या मूळ वह्यांपैकी बहुतेक १९४० मध्ये साउदॅम्प्टनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या.

शुद्धलेखन सुधारायची घाई करू नका. मराठीत सामान्यरूपाने शब्दाचा शेवट बदलतो, वेल्शमध्ये सुरुवात बदलते. स्त्रीलिंगी नामाआधी उपपद आलं की मॉइलचं वॉइल, कार्नचं गार्न, क्राइगचं ग्राइग होतं. ही चूक नव्हे. चूक असते ती इंग्रजी कानाने लिहिलेल्या नावात: पिमलिमॉन या डोंगराचं प्लिनलिमन झालं ते तसंच. वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार ‘व’ आणि दुहेरी एफचा ‘फ’, म्हणून जुन्या कागदात एफच्या जागी व्ही दिसला तर नाव तेच समजा.

त्यानंतर गावात जा. मेंढ्यांच्या विण्याचा काळ, म्हणजे मार्च-एप्रिल, टाळा; तेव्हा शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. ‘हिला अमुक म्हणतात ना?’ असं विचारलंत तर समोरचा भिडेखातर हो म्हणेल. टेकडीकडे बोट करून ‘तिला तुम्ही काय म्हणता?’ एवढंच विचारा. मग नेमका माथा कुठला, उतार कुठला, ते नकाशावर दाखवायला सांगा. टेकडीच्या दोन्ही अंगांच्या शेतघरांत विचारा. दोन बाजूंना दोन नावं निघणं नेहमीचं आहे आणि दोन्ही खरी असू शकतात. उच्चार जसा ऐकला तसा लिहून घ्या. सांगणाऱ्याचं नाव छापायचं असेल तर परवानगी घ्या.

दुरुस्ती कळवताना ग्रिड संदर्भ, उंची, सध्याचं नाव, सुचवलेलं नाव आणि प्रत्येक पुरावा सालासकट द्या. टाइदचं शेतनाव आणि आजची बोली जुळली तर नाव बदलायला सुचवा. नुसतं शेतनाव असेल तर ‘संभाव्य’ म्हणा. काहीच सापडलं नाही तर इंग्रजीवरून वेल्श भाषांतर करून नाव घडवू नका. जवळच्या घराचं नाव ‘अमुकजवळची टेकडी’ असं उघडपणे लिहा. बदललेल्या नोंदीत जुनं नावही कंसात राहू द्या, नाहीतर जुनी यादी घेऊन शोधणाऱ्याला ती टेकडी सापडणारच नाही.