अॅव्होकॅडोवरची खवले कीड: पंप उचलण्याआधी टाचणी उचला

अॅव्होकॅडोच्या डहाळीवर राखाडी-पांढरे ठिपके दिसले की पहिला प्रश्न येतो, "कुठलं औषध मारू?" थांबा. आधी एक टाचणी घ्या, एका ठिपक्याच्या कडेखाली अलगद घाला आणि उचला. वरचं झाकण सुटून आलं आणि खाली पिवळा, मऊ, बिनपायांचा जीव चिकटलेला दिसला, तर ती कठीण कवचाची खवले कीड. ठिपका जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो, म्हणून दहापट दाखवणारं भिंग खिशात हवंच.

ते झाकण म्हणजे किडीचं अंग नाही. स्वतःचं मेण आणि टाकलेली कात यांचं तिने बांधलेलं छप्पर आहे ते, आणि फवारा या छपरावरूनच ओघळून जातो. मऊ खवले किडीचं कवच मात्र अंगालाच जोडलेलं असतं, सुटत नाही. ती आणि मिलीबग गोड चिकटा सोडतात, त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी चढते. कठीण कवचवाली चिकटा सोडत नाही. पानं काळी, चिकट झाली असतील तर तुमचा शत्रू दुसरा आहे आणि उपायही वेगळा.

अॅव्होकॅडोवर जगभर सगळ्यात जास्त आढळणारी यातली जात म्हणजे लॅटानिया खवला: गोल, फुगीर, राखाडी. ही आपल्या देशातही आहे आणि कितीतरी झाडांवर जगते.

शोधायचं कुठे? झाडाच्या पोटातल्या सावलीतल्या डहाळ्या, धुळीच्या रस्त्याकडेची रांग, देठाजवळची फळाची साल. हास जातीची साल खडबडीत असते, तिच्या खळग्यांत खवले असे बसतात की वरवर पाहून कळत नाहीत, बोट फिरवा. थोड्या खवल्यांनी मोठं झाड मरत नाही. पण दाटी झाली की डहाळ्या शेंड्याकडून वाळतात, आणि ठिपकेवालं फळ बाजारात मागे पडतं. निर्यातीच्या मालात तर ते चालतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी: जिवंत किती, मेलेले किती ते मोजा. चार-पाच झाडांवरून वीस-तीस खवले उचकटा. खाली रसरशीत पिवळं अंग असेल तर जिवंत, तपकिरी सुकलेला कोंडा असेल तर मेलेलं. कवचाला सुईच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं तर आतली कीड खाऊन परोपजीवी माशी बाहेर पडली आहे. मी सुरुवातीला हे केलं नाही. फवारणीनंतर पंधरा दिवसांनी खवले जागच्या जागी दिसले, औषध लागलंच नाही असं वाटून पुन्हा फवारलं, मग तिसऱ्यांदा. मेलेली कवचं महिनोन्महिने झाडावर तशीच राहतात हे मला ठाऊक नव्हतं. त्या फवारण्यांत मेले ते मित्रकीटक, आणि पुढच्या हंगामात कीड दुपटीने आली. म्हणून सांगतो, निम्म्याहून जास्त कवचांखाली कोंडा किंवा भोकं दिसत असतील तर पंप खाली ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा.

हे मित्र आपल्या ओळखीचेच आहेत. चिलोकोरस निग्रिटा हा चकचकीत काळा, अर्धगोल ढालकिडा उसावरच्या खवले किडीचाही वैरी आहे, ऊस लावणाऱ्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल. अफायटिस, एन्कार्सियासारख्या परोपजीवी माश्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत इतक्या बारीक, पण कॅलिफोर्नियातल्या बागांत ही कीड एरवी आटोक्यात राहते ती मुख्यतः या मंडळींमुळेच. त्यांना दोन गोष्टी छळतात, धूळ आणि मुंग्या. रस्त्यावर पाणी मारा, कडेला झाडोऱ्याची आडोशी रांग ठेवा, जमिनीला टेकलेल्या फांद्या उचला म्हणजे मुंग्यांची वाट तुटेल.

मग छाटणी. दाट खवल्यांच्या आणि वाळक्या डहाळ्या काढून बागेबाहेर जाळा. आत उजेड आणि फवारा पोहोचेल इतकंच मोकळं करा. अॅव्होकॅडोची साल उन्हाने भाजते, तेव्हा उघड्या पडलेल्या जाड फांद्यांना चुना लावा. रोपं थोडी असतील तर खोडावरचे खवले जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून घासले तरी पुष्कळ काम होतं.

एवढं करूनही जिवंत कीड वाढतच असेल तर फवारणी, पण वेळ साधून. या किडीला आयुष्यात एकदाच बिनछपराचं फिरावं लागतं: अंड्यातून निघाल्यावर पिल्लांना पाय असतात, ती जागा शोधत रांगतात, आणि एक-दोन दिवसांत सोंड रोवून कायमची बसतात. ती गाठायची. बोटाएवढ्या किडलेल्या फांदीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप गुंडाळा, दर आठवड्याला बदला, भिंगातून बघा. खसखशीहून बारीक पिवळे कण एकदम वाढले की फवारणीची वेळ आली.

औषध म्हणून पहिली पसंती बागायती खनिज तेल, साधारण लिटरला 10 मिली. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर लेबलचं खरं. तेल किडीला गुदमरवून मारतं, म्हणजे जिथे ते लागेल तिथेच काम करतं. झाडाला आंघोळ घाला: पानांची खालची बाजू, डहाळ्यांचे सांधे, खोड. तेल वर तरंगतं, पंप मधूनमधून हलवत राहा. झाड पाण्यावाचून सुकलेलं असताना, पारा 32 अंशांवर जाणार असेल त्या दिवशी, फुलोऱ्यात, किंवा गंधक फवारल्यावर महिनाभर तेल मारू नका, पानं करपतात. आधी एका फांदीवर मारून चार दिवस बघा.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं शक्यतो नकोत, मित्रकीटक आधी मरतात. मुळाशी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक ओतण्याचा सल्लाही बरेच जण देतात. पण ते रसवाहिन्यांतून चढतं, आणि ही कीड रसवाहिनीतून नव्हे, सालीच्या पेशी फोडून खाते. पैसे जातात, फुलोऱ्यातल्या मधमाश्यांनाही धोका.

नवी रोपं आणताना खोड आणि पानांची पाठ भिंगाने तपासूनच गाडीत चढवा. पंख असतात ते फक्त नराला, लांबचा प्रवास ही कीड बहुधा रोपांवरूनच करते. 2007 मध्ये मेक्सिकोची हास फळं कॅलिफोर्नियात येऊ लागली तेव्हा तिथल्या बागायतदारांना सालीवरून येणाऱ्या अशाच खवल्यांची धास्ती होती. ठिपकेवालं फळ घरी खुशाल खा, कीड सालीवरच असते, गराला काही होत नाही. साल मात्र झाडाच्या बुंध्याशी टाकू नका.