रेल्वेचा इतिहास शिकवताना या चुका टाळा

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे. एवढं फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, ही सगळ्यात मोठी चूक. मीही बरीच वर्षं तेच केलं. मुलं तारीख घोकतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. पण रेल्वेनं नेमकं काय बदललं असं विचारलं, की ‘प्रवास जलद झाला’ याच्या पुढं गाडी सरकत नाही.

तारीख बाजूला ठेवा, नकाशा काढा. वऱ्हाडातला जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा मुलांनाच शोधू द्या. जेमतेम १३ किलोमीटर. १८७० मध्ये एवढ्याशा अंतरासाठी रूळ का टाकले असतील? कुणीतरी ‘लोकांच्या सोयीसाठी’ म्हणेल. म्हणू द्या, लगेच खोडू नका. मग सांगा, की १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगाव ही कापसाची मोठी पेठ. आता खामगाव, जलंब, भुसावळ, १८६५ मध्ये रेल्वेला खुला झालेला थळघाट (म्हणजे कसारा घाट) आणि मुंबई बंदर असं बोट फिरवायला लावा. उत्तर त्यांचं तेच देतात.

‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे वाक्य तर वर्गात येतंच. तेव्हा हमीचा करार सांगा. खासगी कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. कमी पडलं तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे बरीचशी शेतसाऱ्यातून. मात्र लगेच ‘नुसती लूट’ असंही शिकवू नका. त्याच गाड्यांतून पुढं वारकरी पंढरपूरला गेले आणि गिरणी कामगार मुंबईत आले.

आणखी एक हमखास राहून जातं: रेल्वेच्या आधी माल कोण वाहायचं? बैलांच्या पाठीवर धान्य अन् मीठ लादून गावोगाव फिरणारे लमाणांचे तांडे. पक्क्या सडका आणि रुळांनी त्यांचा धंदा बसवला. धड्यात त्यांना एक ओळ मिळाली तरी नशीब.

एवढं करूनही वर्ग गप्पच असेल, तर पोरांना जवळच्या जुन्या स्टेशनावर न्या. मालधक्का कुठं आहे, जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) किंवा बाजार समिती तिथून किती पावलांवर आहे आणि गावठाण किती लांब, हे मोजायला लावा.